डाग किती, डॉक्टरबाई?

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत नाशिकच्या एक निवृत्त रेडिओलॉजिस्ट.)

प्रश्न : आदरणीय डॉक्टरबाई, सा. न. वि. वि. मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. वय ७१. छापून आलेल्या शीट तपासण्याच्या कामात माझी तीस वर्षं गेली. बीपीची गोळी बारा वर्षांपासून चालू आहे. २०२३ मध्ये जेल रोडला गाडीवरून पडलो तेव्हा डोक्याचा एमआरआय काढला होता. त्यात 'वयोमानानुसार व्हाइट मॅटरमधील बदल, फॅझेकास ग्रेड १' असं लिहिलं होतं, म्हणजे मेंदूत डाग. कोणी काही बोललं नाही, मीही फाइल कपाटात टाकली. यंदा दिवाळीनंतर अंथरुणात कुशीवर वळताना, सकाळी उठताना गरगरायला लागलं. मिनिटभरात थांबतं, पण तेवढ्यात घर फिरून येतं. म्हणून दुसऱ्या सेंटरवर पुन्हा एमआरआय केला. आता 'ग्रेड २'. मुलगा बंगळुरूला असतो, तो रोज फोनवर नवीन काहीतरी वाचून दाखवतो. कधी पक्षाघात, कधी स्मृतिभ्रंश. सौ.ने ॲक्टिव्हाची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली आहे (मला माहीत आहे, पण काढलेली नाही) आणि बँकेत एकट्याने जाऊ देत नाही. माझा हिशोब असा की दोन वर्षांत एक ग्रेड वाढला, तर आणखी दोन वर्षांत तिसरा. त्यानंतर काय? दर सहा महिन्यांनी एमआरआय करून डाग मोजत राहावं का? दोन्ही सीडी सोबत पाठवत आहे.
– एक वाचक, जेल रोड, नाशिकरोड

उत्तर : किल्ली आणखी चार दिवस डब्यातच राहू द्या. डागांमुळे नाही, चकरीमुळे. आधी तिचंच बघू, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे आणि तुम्ही ते जाता जाता लिहून टाकलंय.

कुशीवर वळलं की गरगरतं आणि मिनिटभरात थांबतं, असं कोणी सांगितलं की माझ्या मनात मेंदूच्या आधी कान येतो. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते जागेवरून सुटून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरले की डोकं हलवल्यावर असंच होतं. कान-नाक-घशाचे डॉक्टर तुम्हाला टेबलावर बसवतील, मान एका बाजूला वळवून झटकन आडवं करतील आणि तुमचे डोळे कसे हलतात ते पाहतील. निदान त्यातूनच होतं, मशीन लागत नाही. कण त्यातच सापडले तर ठरलेल्या क्रमाने डोकं फिरवून ते बाहेर काढता येतात, आणि पुष्कळांना एक-दोन खेपांत आराम पडतो. थोडक्यात, तुम्ही एमआरआयला गेलात कानासाठी आणि हाती लागले डाग. ते आधीपासून तिथेच होते.

आता डाग. मेंदूचा वरचा थर करडा, पेशींचा. त्याखालचा भाग म्हणजे त्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या तारा, आणि या तारांवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टन असतं. चरबीमुळे तो भाग पांढरा दिसतो, म्हणून व्हाइट मॅटर. या तारा किती असाव्यात? कोपनहेगनच्या संशोधकांनी २००३ मध्ये हिशोब मांडला होता, की विशीतल्या पुरुषाच्या मेंदूतल्या वेष्टनवाल्या तारा एकापुढे एक जोडल्या तर सुमारे १ लाख ७६ हजार किलोमीटर भरतील, आणि विशीपासून ऐंशीपर्यंत त्यातल्या जवळपास ४५ टक्के कमी होतात. हे वाचलं तेव्हा मी पंचावन्नची होते. वर पाहिलं आणि पंख्याकडे बघत बसले.

गंमत अशी की एमआरआयच्या ज्या चित्रावर आम्ही हे डाग शोधतो, त्या फ्लेअर चित्रात निरोगी व्हाइट मॅटर पांढरं दिसतच नाही, काळपट करडं दिसतं. मेंदूच्या मधल्या कप्प्यांतलं पाणी त्यात मुद्दाम काळं केलेलं असतं. जिथे तारांचं वेष्टन झिजलंय आणि पेशींच्या मधे पाण्याचा अंश वाढलाय, तेवढी जागा लख्ख पांढरी उठून दिसते. कप्प्यांच्या कडेला लागून असलेले डाग एरवी पाण्याच्या उजेडात हरवले असते, ते या युक्तीमुळे दिसतात. या भागाला रक्त पुरवणाऱ्या नसा केसासारख्या बारीक आणि लांब पल्ल्याच्या. वर्षानुवर्षं बीपी चढं राहिलं की त्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात. वय, बीपी आणि तंबाखू-सिगारेट ही नेहमीची कारणं. मधुमेह, घराण्यातला दोष, क्वचित बी-१२ ची कमतरता, यांचाही विचार डॉक्टर करतात.

आणि 'वयोमानानुसार' हा शब्द कोणी पळवाट म्हणून लिहिलेला नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम आणि झूटरमीर या शहरांत ६० ते ९० वर्षांच्या हजारावर माणसांचे स्कॅन काढले होते. त्यांत एकही डाग नसलेले निघाले फक्त ५ टक्के. ती माणसं दवाखान्यात रांग लावून बसलेली नव्हती, गावात राहणारी साधी माणसं होती. उद्या सकाळी गंगापूर रोडवर फिरायला येणाऱ्या सगळ्या ज्येष्ठांना मशीनमध्ये घातलं तरी काही वेगळं दिसेल असं मला वाटत नाही. त्यांत मीही आलेच. उजव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणून ६२ व्या वर्षी माझा एमआरआय झाला. आपला रिपोर्ट आपण लिहायचा नाही हे मला कळतं, पण स्क्रीनसमोर बसल्याशिवाय राहवलं नाही. मी स्वतःला २ दिले. माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलाने त्याच चित्रांना १ लिहिला. आम्ही दोघं कॅन्टीनमध्ये चहा घेत वाद घालत होतो आणि माझे डाग होते तेवढेच होते.

ग्रेडची भानगड इथे आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराच्या फ्रान्झ फॅझेकास यांनी १९८७ मध्ये, अल्झायमरचे रुग्ण आणि निरोगी माणसं यांचे एमआरआय पाहताना ही श्रेणी वापरली. पाण्याच्या कप्प्यांच्या कडेचे बदल वेगळे मोजायचे आणि आत खोलवरचे वेगळे, दोन्हींना शून्य ते तीन. कडेला पेन्सिलीची बारीक रेघ असेल तर १, गुळगुळीत प्रभावळ असेल तर २, आणि ती वेडीवाकडी होऊन आत घुसली असेल तर ३. खोलवर सुटे ठिपके म्हणजे १, ठिपके एकमेकांना चिकटू लागले की २, मोठे पट्टे झाले की ३. म्हणजे मुळात आकडे दोन हवेत. तुमच्या रिपोर्टमध्ये एकच आहे. तो कडेचा की खोलवरचा, ते लिहिणाऱ्याने लिहिलेलं नाही. ही सवय आमच्या धंद्यात सर्रास आहे आणि मीही घाईत असं लिहिलेलं आहे, त्यामुळे फार बोलत नाही.

तुम्ही सीडी पाठवल्यात ते बरं केलंत, पण माझ्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. शेवटी खालच्या मजल्यावरच्या मुलाने जुना कॉम्प्युटर झाडून काढला. (हे माझं मत म्हणून वाचा, रिपोर्ट म्हणून नाही.) २०२३ चं मशीन १.५ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप), काप, म्हणजे एकेका चित्रात येणारे मेंदूचे थर, पाच मिलिमीटर जाडीचे, आणि दोन कापांच्या मधे थोडी जागा सोडलेली. यंदाचं मशीन ३ टेस्लाचं, काप पातळ. जास्त ताकदीच्या मशीनवर बारीक ठिपके जास्त दिसतात. शिवाय दोन्ही वेळा तुमचं डोकं वेगळ्या कोनात होतं. डाव्या कपाळामागचा एक ठिपका २०२३ मध्ये दोन कापांच्या मधल्या जागेत पडला असावा, कारण खालच्या कापात त्याची कड पुसट दिसते. यंदा तोच ठिपका शेजारच्याला खेटलेला दिसतो, आणि खेटले म्हणजे २. मला विचाराल तर दोन्ही वर्षांना मी दीडच्या आसपास धरीन, पण फॅझेकासच्या पट्टीवर दीड नाही. तुमचा ग्रेड वाढलाय हे कागदावर खरं आहे. डाग वाढलेत का, ते या दोन सीडींवरून सांगता येत नाही.

हे तुम्हाला मी काय समजावणार! एकाच शीटवर दोन तपासणाऱ्यांचं एकमत होत नाही, दुपारच्या पाळीत डोळा वेगळा चालतो, दिवा बदलला की शाईची छटा बदललेली वाटते, हे सगळं तुम्ही तीस वर्षं जगलात. आमच्या खोलीत तेच चालतं, फक्त शीटच्या जागी माणसाचं डोकं असतं. खरी तुलना करायची तर मशीन तेच हवं, कापांची जाडी तीच हवी, आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवून एकाच माणसाने पाहायला हवीत. दोन वेगळ्या रिपोर्टांतल्या आकड्यांची वजाबाकी करू नये.

'तिसऱ्यानंतर काय?' पट्टी तीनवर संपते, माणूस नाही. पण उगाच धीर देण्यासाठी ३ म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. युरोपातल्या ११ केंद्रांनी मिळून ६३९ ज्येष्ठांना तीन वर्षं पाहिलं. सुरुवातीला ही सगळी स्वतःची कामं स्वतः करणारी माणसं होती. ज्यांचे बदल तीव्र होते, त्यांच्यात परावलंबी होण्याचा किंवा मृत्यूचा धोका सौम्य बदलवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश यांचा धोकाही डागांबरोबर वाढतो. तेव्हा मुलगा वाचतो ते खोटं नाही. पण ते शेकडो माणसांच्या सरासरीचं आहे, आणि तुम्ही दीडवर आहात. त्याला तेवढं सांगा, आणि रोज एकदाच फोन कर म्हणावं.

सहा महिन्यांनी एमआरआय? नको. सहा महिन्यांत जो फरक पडतो तो मशीनच्या आणि डोळ्याच्या चुकीहून लहान असतो. मग तुम्ही पैसे देऊन चूकच मोजून आणाल. वेग किती ते ऐका. अमेरिकेत बीपीच्या रुग्णांचे दोन गट करून जवळपास चार वर्षं पाहिलं होतं. त्याचा मेंदूसंबंधीचा भाग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉम्प्युटरने डागांचं आकारमान मोजलं तेव्हा सुरुवातीला ते सरासरी साडेचार मिलिलिटरच्या आसपास होतं, म्हणजे चहाचा एक चमचा पुरता भरणार नाही एवढं. वरचं बीपी १४० च्या खाली ठेवलेल्या गटात चार वर्षांत त्यात १.४५ मिलिलिटरची भर पडली, १२० च्या खाली ठेवलेल्या गटात ०.९२ ची. फरक अर्ध्या मिलिलिटरचा आणि तोही चार वर्षांत. तुमच्या डोळ्याला किंवा माझ्या डोळ्याला तो दिसायचा नाही. पण काय बदललं की डाग हळू वाढतात, एवढं त्यावरून कळतं.

म्हणून मोजायचंच असेल तर घरी बीपी मोजा. बारा वर्षं गोळी चालू आहे असं लिहिलंत, आकडा एकही नाही लिहिलात. हे मला सीडीपेक्षा जास्त खटकलं. दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. पट्टा तुमच्या दंडाच्या मापाचा हवा. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, आणि गप्प म्हणजे सौ.शीही बोलायचं नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहायचे. आठवड्याची वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. १२० हा आकडा तुमच्यासाठी योग्य आहे का, ते त्यांनी ठरवायचं. त्या अभ्यासात मधुमेही आणि आधी पक्षाघात झालेले लोक घेतलेच नव्हते. वाचून स्वतःच गोळी वाढवू नका. उभं राहिल्यावर बीपी एकदम पडलं तर वेगळीच चक्कर सुरू होईल.

शेजारच्यांनी सुचवलं म्हणून 'रक्त पातळ करायची' गोळीही सुरू करू नका. फक्त डाग दिसले म्हणून ॲस्पिरिन द्यावी असं युरोपच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही म्हणत नाहीत. हृदयासाठी आधीपासून चालू असेल तर ती गोष्ट वेगळी, ती बंद करायची नाही.

बँकेत जा. स्वतः जा, पासबुक स्वतः भरून घ्या. चक्कर थांबली आणि कानाच्या डॉक्टरांनी हो म्हटलं की डबा उघडा. मात्र एकाएकी तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, शब्द अडखळले, तर ग्रेड वगैरे विसरून त्याच क्षणी मोठं हॉस्पिटल गाठायचं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी साडेचार तासांची मुदत असते आणि ती दुखणं सुरू झाल्यापासून मोजतात, मुलाला फोन लागल्यापासून नाही.

प्रश्न : मी सिन्नरला शिक्षिका आहे, वय ३८. अर्धशिशीसाठी एमआरआय केला. रिपोर्टमध्ये 'काही अविशिष्ट ठिपके' आहेत. मला म्हातारपणाचा आजार लवकर लागला का?
– एक शिक्षिका, सिन्नर

उत्तर : नाही. अर्धशिशी असणाऱ्यांत असे सुटे ठिपके बऱ्याचदा सापडतात. 'अविशिष्ट' याचा अर्थ चित्रावरून कारण सांगता येत नाही, एवढाच. न्यूरोलॉजिस्ट ठिपक्यांची जागा आणि आकार पाहून इतर काही आजारांची शक्यता तपासतील, तेवढं एकदा करून घ्या. बी-१२ आणि बीपीही तपासा, विशेषतः शाकाहारी असाल तर. मग रिपोर्ट फाइलला लावा आणि अर्धशिशीवर उपचार घ्या, ती जास्त छळते.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. आईचं वय ८२. मोरीत पडली म्हणून सीटी स्कॅन केला, त्यात 'व्हाइट मॅटरमध्ये इस्केमिक बदल' आले. म्हणजे नसा चोकअप झाल्यात का? वर्षभरात ती पाय घासत, बारीक पावलं टाकत चालते, लघवीला घाई होते, कधी आवरत नाही. विसरते पण फार नाही. एकांनी सांगितलं की एमआरआय करा, आता कॉम्प्युटरने डागांचं माप मिलिलिटरमध्ये काढून मिळतं. करावं का?
– एक शेतकरी, पिंपळगाव बसवंत

उत्तर : इस्केमिक म्हणजे रक्त कमी पडल्यामुळे झालेले. चोकअप म्हणालात ते पुरतं बरोबर नाही, पण जवळ आहे. ठिबकची लॅटरल नळी लांब असली की शेवटच्या झाडांना दाब कमी पडतो. तोटी बंद नसली तरी झाड पिवळं पडतं. कप्प्यांच्या कडेचं व्हाइट मॅटर हे असं ओळीच्या टोकाचं झाड. आधी तेच सुकतं.

सीटीवर हे बदल काळपट दिसतात, एमआरआयवर पांढरे. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरू नका, गोष्ट एकच आहे. सीटीवरूनही मोजता येतं. स्वीडनचे लार्स-ओलोफ वालुंड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सीटी आणि एमआरआय दोन्हींना चालेल अशी पट्टी काढली. मेंदूच्या प्रत्येक बाजूचे पाच भाग, प्रत्येकाला शून्य ते तीन, मिळून तीसपैकी गुण. बारीक डाग टिपण्यात मात्र एमआरआय सरस. मिलिलिटरचं माप संशोधनात फार कामाचं आहे, कारण हजार माणसांत अर्ध्या मिलिलिटरचा फरक त्यानेच पकडता येतो. पण आईंच्या बाबतीत तो आकडा आला तरी डॉक्टर काय वेगळं करतील? आणि म्हाताऱ्या माणसाने मशीनमध्ये मान जराशी हलवली की माप चुकतं, शिवाय कॉम्प्युटर जुन्या पक्षाघाताची खूणही डागांत धरू शकतो. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

तरीही एमआरआयला मी नको म्हणत नाही. तुमच्या पत्रात चालणं, लघवी आणि विसरणं असं त्रिकूट आलंय. डागांमुळे हे तिन्ही होऊ शकतं. पण मेंदूतल्या कप्प्यांत पाणी साचून ते फुगले तरी हेच होतं, आणि त्यावर काहींना नळी बसवून पाणी पोटात उतरवण्याचं ऑपरेशन करता येतं. तेव्हा न्यूरोलॉजिस्टला नेमकं हेच विचारा, 'कप्पे वयाच्या मानाने जास्त फुगलेत का?' बरंचसं उत्तर हातातल्या सीटीवरच मिळेल. त्यांना शंका आली तर ते एमआरआय सांगतील, आणि तो या कारणासाठी करा.

तोवर मोरीत दोन्ही बाजूंना पकडायला दांडा बसवा, रात्रभर एक दिवा चालू ठेवा, पायात मागून पट्टा असलेली चप्पल घालायला द्या. आईंचं बीपी आडवं असताना मोजा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा जास्त उतरला तर तेही लिहून न्या, पडण्याचं कारण तिथेही असू शकतं. आणि नाशिकला येताना सीटीची फिल्म गुंडाळून, मोटरसायकलच्या हँडलला लटकवून आणू नका. तशी आलेली फिल्म मी आयुष्यभर पाहिली. तिच्यावर इतके ओरखडे असतात की डाग कुठला आणि पिंपळगाव ते नाशिकचा रस्ता कुठला, हेच आधी शोधावं लागतं.